टोपी काढलेला बोर्ड

त्या हिवाळ्यात बुरुलच्या घरात एकाच आठवड्यात दोन गोष्टी बंद पडल्या, आक्तानचा कॉम्प्युटर आणि आक्तानचं तोंड.

कॉम्प्युटरचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दिवस कलला की घरोघरी विजेच्या शेगड्या एकदम लागतात, दिवे आधी मिणमिणतात आणि मग लख्खकन पेटतात. अशाच एका लख्ख उजेडात त्याच्या लोखंडी डब्यातून जळक्या रबराचा वास आला आणि पडदा काळा पडला. तोंडाचं कारण मात्र एकट्या बुरुलला ठाऊक होतं आणि तिनं ते कुणाजवळ काढलं नव्हतं.

बिश्केकच्या दोर्दोय बाजारात लहान मुलांच्या बुटांचा तिचा कंटेनर. तीस वर्षं ती त्या लोखंडी पेटीच्या तोंडाशी उभी राहिली होती, उन्हाळ्यात भाजत, हिवाळ्यात गोठत, आणि आजवर एकही गिऱ्हाईक तिला बोलण्यात हरवून गेलं नव्हतं. आक्तान सकाळी तिच्यासोबत येई, वरची खोकी खाली काढून देई. त्या दिवशी तो मागच्या बाजूला खोक्यांआड उभा राहून फोनवर हळू आवाजात बोलत होता. बुरुलचे गुडघे गेले होते, कान नव्हते गेले.

"वहिनी, तीनच महिने राहीन," तो म्हणत होता. "तुला माझा काही त्रास होणार नाही."

ही वहिनी म्हणजे मीरिम, बुरुलची सून, आणि आक्तानला जन्म दिलेली बाई.

पहिल्या नातवावर आजीचा हक्क, हे बुरुलच्या माहेरी होतं, सासरी होतं, डोंगराच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे होतं. बाळाला चाळीस दिवस झाले, चाळीस चमचे पाण्यानं त्याला न्हाऊ घातलं, आणि त्याच दिवशी बुरुलनं ते ऊबदार गाठोडं उचललं, आपल्या खोलीत नेलं आणि स्वतःच्या सुकलेल्या छातीला लावलं. तेव्हापासून तो तिचा धाकटा मुलगा. तिला तो आपा म्हणे, म्हणजे आई. जन्मदात्या बापाला दादा म्हणे, आणि जन्मदात्या आईला वहिनी. नात्यानं तो तिचा धाकटा दीर झाला. त्या चाळिसाव्या दिवशी मीरिम दारात उभी होती आणि तिचा झगा छातीवर दोन ठिकाणी ओला झाला होता. "तरुण आहेस, दुसरं होईल तुला," बुरुल तिला म्हणाली. वाईट मनानं नव्हती म्हणाली.

दुसरं झालं नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. आक्तान पाच वर्षांचा असताना बुरुलचा मुलगा कुबात कोळशाचा ट्रक घेऊन घाटात गेला आणि बर्फाचा कडा त्याच्यावर आला. त्याच्या वर्षाचं जेवण उरकलं, मीरिमनं सगळी भांडी घासून फडताळात लावली आणि ती शिवणकामाला इस्तंबूलला निघून गेली. त्याला आता तेरा वर्षं झाली. सणावाराला तिचा फोन येई, आधी सासूला, मग दिराला.

आणि आता दीर तीन महिने राहायला निघाला होता. तीन महिने म्हणजे किती ते बुरुलला कळत होतं. बाजारातल्या अर्ध्या बायकांची पोरं तीन महिन्यांसाठीच गेली होती.

धाकटा मुलगा घर सोडत नाही. घर त्याचं, चूल त्याची आणि म्हातारीही त्याचीच. एवढ्या एका गोष्टीवर बुरुलनं आपलं म्हातारपण टेकवून ठेवलं होतं. पण ओरडून पोरगं थांबत नाही, हे तिनं कुबातच्या वेळी पाहिलं होतं. रडणं तिला येत नव्हतं. मग तिनं धंद्याच्या डोक्यानं विचार केला. पोरगं जागेवर राहायला हवं असेल तर त्याला असं काही द्यावं की जे पाठीवर टाकून नेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चहा ओतताना ती म्हणाली, "बोर्ड घेऊन टाक."

आक्तान तळलेला बोर्सोक चहात बुडवत होता, तो हात तसाच राहिला. "कसला बोर्ड?"

"जळलाय तो. मदरबोर्ड का काय. इस्मारकडे जाऊ. बोर्ड घे, त्याच्यावरचा मेंदू घे, जे जे लागतं ते घे. चांगल्यातलं."

"आपा, तुला बरं वाटत नाही का?"

"का? मरायला टेकल्याशिवाय मी काही देत नाही?"

"मागच्या वर्षी कीबोर्ड मागितला तर म्हणालीस, अक्षरं तीच आहेत, जुन्याच बटणांवर मार."

"मागच्या वर्षी अक्षरं तीच होती."

तो हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा. मग काहीतरी आठवल्यासारखं त्याचं हसू आत गेलं. "एवढं नको करूस, आपा," तो म्हणाला.

"का नको?"

"उगीच."

"मी उगीच करणारी बाई आहे? तू त्या खेळावर कमावतोस ना? लोकांची खाती खेळून वर चढवून देतोस. न्हाव्याला कात्री लागते, तुला डबा लागतो. आटप, साय खा आणि टोपी घाल."

इस्मारचं दुकान शहराच्या मधोमध, तळघरात होतं. इस्मार दुंगान, म्हणजे पूर्वी चीनकडून आलेल्या मुसलमानांपैकी. त्याच्या आईनं बुरुलच्या कंटेनरसमोर वीस वर्षं गार, आंबट-तिखट शेवया विकल्या होत्या, आणि इस्मार तिथंच बाकड्याखाली झोपून मोठा झाला होता. आता तो काचेच्या कपाटामागे बसून असा ऐटीत बोले की जणू त्यानं शेवई कधी पाहिलीच नाही.

"या ताई, या," तो उठून म्हणाला.

"ताई कुणाला म्हणतोस? तुझ्या आईच्या आणि माझ्या गुडघ्यांचं वय एक आहे."

"म्हणून तर ताई म्हणतो. काकू म्हटलं तर आई मारेल."

आक्ताननं काय हवं ते सांगितलं. तो बोलायला लागला की बुरुलला त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण त्याच्या तोंडाकडे बघत राहायला बरं वाटे. कुबातही इंजिनाविषयी असाच बोले. इस्मारनं दोन खोकी आणून उघडली आणि राखाडी चकचकीत पिशव्यांतून दोन बोर्ड काढून कापडावर ठेवले. एक पोळपाटाएवढा, दुसरा तळहाताहून थोडा मोठा.

"जुनं ग्राफिक्स कार्ड वाचलंय ना? मग झालं. प्रोसेसर दोघांवर तोच बसतो," तो म्हणाला. "हा मोठा. रॅमला चार खाचा. कार्डांना तीन. आणि ह्या जाड पट्ट्या बघा, वीज ह्या सांभाळतात. तापला तरी दमणार नाही. हा बारका. रॅमच्या खाचा दोन, कार्डाची एक. पण वाय-फाय आतच आहे. मोठ्याला वायर ओढावी लागेल."

बुरुलनं दोन्ही हातांत एकेक घेतला आणि बूट तोलते तसे तोलले.

"कडेनं धरा, ताई, मधे बोट नको."

"मी काय ह्याला चावतेय? कितीला?"

इस्मारनं सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

"बारका महाग?"

"बारीक काम असतं त्यात."

"बारीक कामाचं मला नको शिकवू, मी बारक्या बुटांवर घर बांधलंय. बारक्या बुटाला मजुरी मोठ्याएवढीच पडते, ते कळतं मला. पण म्हणून मी बारक्या बुटाचा तळवा अर्धा नाही ठेवत. ह्याला खाचा निम्म्या आणि पैसे दीडपट. असला बूट मी विकला असता तर बायकांनी तोच माझ्या डोक्यात घातला असता." तिनं बारका खाली ठेवला. "मोठा घे, आक्तान."

"मला बारका पाहिजे."

"का?"

"जागा कमी लागते."

"जागा? दादाची आख्खी खोली तुला दिली आहे. घोडा बांधता येईल तिथं."

"वायरची कटकट नको, आपा."

"वायर मी ओढते, भिंतीला भोक मी पाडते. तुला काय करायचंय?"

"बारकाच घेऊ," आक्तान म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

इस्मारनं दोघांकडे पाहिलं. त्याला वाटलं नेहमीचंच आहे, आयांना मोठं पाहिजे असतं आणि पोरांना महाग. "मग मधला दाखवू? ह्या दोघांच्या मधलं माप येतं."

"नको," दोघं एकदमच म्हणाली.

"ताई, तो काही चुकीचं मागत नाहीये," इस्मार म्हणाला, आणि गिऱ्हाईकाची समजूत काढायच्या नादात त्यानं तोंड मोकळं सोडलं. "बाहेर जाणारे सगळे हाच नेतात. ह्याला पावाच्या लादीएवढी पेटी मिळते, पाठीवरच्या पिशवीत मावते. विमानात आपल्या पायाशी. मागच्याच महिन्यात एक जण कोरियाला घेऊन गेला, तिकडं उतरला आणि त्याच दिवशी खेळायला बसला. मोठ्याची पेटी कोण घेणार हो विमानात?"

आक्तान काचेच्या कपाटातल्या पंख्यांकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. ते कान बुरुलच्या ओळखीचे होते. तिसरीत असताना त्यानं मास्तरांची घंटा लपवली होती तेव्हाही असेच झाले होते.

म्हणजे ठरलेलं होतं. नुसतं फोनवरचं बोलणं नव्हतं, पेटीचं मापसुद्धा ठरलं होतं.

तिनं कापडावरचा बारका बोर्ड पुन्हा उचलला, कडेनं धरला, उजेडात फिरवून पाहिला. मग मऊ आवाजात म्हणाली, "ठीक. बारका तर बारका. बाजूला ठेव, इस्मार. आज पुरेसे पैसे नाही आणले, उद्या नेऊ."

पैसे तिच्या स्वेटरच्या आत होते आणि तिला टोचत होते.

मिनिबसमध्ये आक्तान तिला खेटून बसला होता. खिडकीबाहेर कोळशाच्या धुरानं सगळं शहर पिवळट झालं होतं. "राग आला, आपा?" त्यानं विचारलं.

"एवढ्याशा बोर्डाचा कोण राग धरतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला कंटेनर उघडायला पाठवलं, गुडघ्याचं निमित्त केलं आणि एकटी तळघरात उतरली. पायऱ्या तिनं एकेक करून, भिंत धरून उतरल्या.

"मोठा दे," ती म्हणाली.

"तो तर बारका म्हणाला होता."

"पैसे कोण देतंय?"

इस्मारनं खांदे उडवले. मोठं खोकं काढलं, प्रोसेसरची डबी काढली, रॅम काढली. बुरुल बघत राहिली. मग विचारलं, "हे त्याला आवडलं नाही आणि तो परत घेऊन आला तर बदलून देशील?"

"चौदा दिवसांत देतो. फक्त ही टोपी निघालेली नको." त्यानं बोर्डाच्या मधोमध बसलेल्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणावर नखानं टिचकी मारली. "हिच्याखाली केसासारख्या पिना असतात, हजारावर. एक वाकली की खेळ खलास. आणि कुणी वाकवली ते कोण सांगणार? म्हणून टोपी काढलेला बोर्ड आम्ही परत घेत नाही. कुणीच घेत नाही."

"काढ."

"घरी काढू दे ना त्याला. त्यातच तर मजा असते, ताई. पोरं त्या एका क्षणाची वाट बघतात."

"मेंदू इथंच बसव आणि टोपी मला दे."

इस्मारचा हात थांबला. तो बाकड्याखाली वाढलेला पोरगा होता, बायकांचे आवाज त्याला कळत. "ताई, त्याला बारकाच हवा होता," तो हळूच म्हणाला. "कुठं जाणार आहे का तो?"

"तुझ्या आईला कधी विचारलंस का, तू ह्या तळघरात बसतोस तेव्हा ती एकटी कशी राहते?"

इस्मारनं बोर्ड स्वतःकडे ओढला. त्यानं लोखंडी चौकट उचलली, चिप ठेवली, दांडी दाबली. कर्र असा आवाज झाला. टोपी टक्कन उडून काचेवर पडली. बुरुलनं ती उचलून मुठीत घेतली. घरी आल्यावर आधी शेगडीचं दार उघडलं आणि ती निखाऱ्यांवर टाकली.

आक्तान तिसऱ्या प्रहरी आला. खोकं त्याच्या टेबलावर होतं. बुरुल पलंगावर बसून कणकेचा गोळा मळत होती, हाताला काम असावं म्हणून. त्यानं खोक्याची लांबी पाहिली आणि कोट न काढताच ते उघडलं. बोर्ड बाहेर काढला. मधे चिप बसलेली, चौकट दाबलेली.

"टोपी कुठाय?" त्यानं विचारलं.

"जाळली."

तो खुर्चीवर बसला. बोर्ड त्यानं मांडीवर घेतला होता, कडेनं धरून.

"चार खाचा आहेत," बुरुल म्हणाली. "मोठ्या माणसाला मोठा बोर्ड. वायर उद्या ओढते."

"मी जाणार होतो, आपा."

"ठाऊक आहे. तिनं शीळ घातली आणि तू पळालास. तेरा वर्षं जिला आठवण झाली नाही, तिला आता वाढवलेला घोडा आयता पाहिजे. शेण काढलं कुणी, चारा घातला कुणी?"

"ती नाही बोलावत."

"मग कोण बोलावतं? इस्तंबूलचा नगराध्यक्ष?"

"मीच विचारतोय. दोन वर्षं झाली. ती नाही म्हणते. दर वेळी नाही म्हणते." तो बोर्डाशीच बोलत असल्यासारखा बोलत होता. "मला वाटलं, कॉम्प्युटर पाठीवर घेऊन तिच्या दारात उभा राहिलो, माझं मी कमावतो म्हणालो, तर आत घेईल. म्हणून बारका हवा होता."

"खोटं."

"विचार ना तिला, आजी."

कणकेवरचे हात थांबले. तो शब्द त्यानं मुद्दाम काढला की तोंडून निसटला, ते तिला कळलं नाही. त्यानंही तो परत घेतला नाही. एकोणीस वर्षांत त्या घरात तिला कुणी आजी म्हटलं नव्हतं.

तिनं हाताची कणीक खरवडली, फोन घेतला आणि मीरिमचा नंबर लावला. त्याच्यासमोरच लावला. लपवाछपवीची तिला सवय नव्हती, हे दोन दिवस सोडले तर.

"आपा?" पलीकडून मीरिमचा आवाज आला, मागे शिलाई मशीनांची घरघर. "सलाम. बऱ्या आहात ना? गुडघा कसा आहे?"

"गुडघा आहे जिथल्या तिथं. पोराला काय पढवलंस ते सांग."

मागची घरघर कमी झाली. ती बहुतेक बाहेर आली असावी. "मी काही नाही पढवलं, आपा. तोच विचारतो. मी नको म्हणते."

"का नको म्हणतेस? जड झालाय का तुला?"

"तुम्ही दिला नाहीत म्हणून."

"म्हणजे?"

"चाळिसाव्या दिवशी तुम्ही त्याला उचललात. मला कुणी विचारलं नाही. रीतच तशी, मी काही बोलत नाही. पण तुमच्या दारात उभी होते ना मी, तेव्हाच ठरवलं की आपण कुणाचं पोर न विचारता उचलायचं नाही. आता तो तुमचा आहे. तुम्ही दिलात तर मी घेईन, आपा. हात जोडून घेईन. नाही दिलात तर तो दारात आला तरी दार उघडणार नाही. त्यालाही हेच सांगितलंय."

तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चढलेल्या आवाजाला काय उत्तर द्यायचं ते बुरुलला तीस वर्षं येत होतं. 

आक्तान दाराच्या चौकटीत येऊन उभा होता. बोर्ड अजून त्याच्या हातात होता.

एक गोष्ट बुरुल मीरिमला सांगू शकली असती. घरात ती सगळ्यांना ठाऊक होती, पण तिनं ती कधी नवऱ्याजवळही बोलून दाखवली नव्हती. तिचा पहिला मुलगाही असाच चाळिसाव्या दिवशी सासूच्या खोलीत गेला होता. तो आज रशियात त्युमेनला आहे, साठी ओलांडलेल्या बुरुलला नवरोजच्या सणाला फोन करतो आणि विचारतो, वहिनी, बरी आहेस ना? सासू मेली तेव्हा तो आईसाठी रडावं तसा रडला, आणि बुरुल बाजूला उभी राहून पाहुण्यांना चहा देत होती. तिला कुणी काही परत दिलं नव्हतं. परत द्यायचं असतं हेसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं. मग आता ह्या सुनेनं हे कुठून आणलं, आणि का म्हणून बुरुलपासूनच सुरू करायचं?

"मीरिम."

"हं, आपा."

"नाही देत."

पलीकडे रस्त्यावरून एखादं वाहन गेलं. मग मीरिम म्हणाली, "बरं, आपा." थोडं थांबून म्हणाली, "गुडघ्याला मेंढीच्या शेपटीची चरबी लावत जा. गरम करून."

फोन ठेवून बुरुल उठली तेव्हा आक्तान दारात नव्हता. आपल्या खोलीत तो जुना लोखंडी डबा आडवा करून बसला होता. जळका बोर्ड काढून त्यानं वर्तमानपत्रावर ठेवला आणि नवा आत बसवला. एकेक स्क्रू हलक्या हातानं आवळला, कुठंही घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीला भोक पाडून घेतलं आणि वायर आली. डबा चालू झाला. पडदा उजळला. सगळं बरोबर लागलं होतं, कारण काम चोख करायचं हे त्याला तिनंच शिकवलं होतं.

पोरगा राहिला. बाजारात बायकांना तिनं तसं सांगितलंही, मान वर करून. माझा कुठं जात नाही, ती म्हणाली, आणि ज्यांचे गेले होते त्यांनी माना खाली घातल्या.

तो सकाळी तिच्यासोबत येतो, खोकी उतरवतो, बर्फ खरवडतो. समोर ठेवलं ते जेवतो. उलट बोलत नाही. दुपारनंतर खोलीत बसून खेळतो, लोकांची खाती वर चढवतो, आणि खेळतानाही आता ओरडत नाही की हसत नाही. तिला हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन उभा राहतो, ती मान वर करून बघेपर्यंत. आपा म्हणत नाही, आजीही म्हणत नाही. एकदा ती मुद्दाम बराच वेळ खाली बघत राहिली. बुटांच्या जोड्या लावल्या, पुन्हा उस्कटल्या, पुन्हा लावल्या. तो तसाच उभा राहिला, हातात पावती धरून, गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं तरी.

आणि मीरिमचा फोन आता दर आठवड्याला येतो. रविवारी, दुपारी, बुरुलच्या फोनवर. दिराशी बोलायला मागत नाही. गुडघ्याचं विचारते, पिठाचं विचारते, धुराचं विचारते. मग बोलायचं संपतं आणि ती थांबते. फोन ठेवत नाही, नुसती थांबते. भिंतीपलीकडची बटणंही तेव्हा थांबतात. बुरुलला दोन्ही ऐकू येतात, दोन ठिकाणचं ते थांबणं. एका शब्दाचं काम आहे. दुकानात ती दिवसाला पन्नास वेळा म्हणते तो शब्द, घे, बाई, घेऊन जा.

ह्या रविवारीही मीरिम थांबली.

"इकडं थंडी फार आहे," बुरुल म्हणाली.

"कोळसा पुरेल ना?"

"पुरेल."

"बरं, आपा."

फोन बंद झाला. भिंतीपलीकडे काही वेळ काहीच वाजलं नाही. मग एक बटण वाजलं, मग दुसरं, आणि मग नेहमीसारखी सगळी वाजू लागली. बुरुल भिंतीला धरून उठली, शेगडीचं दार उघडलं आणि आत फावडंभर कोळसा टाकला.